जुन्या ग्राहकांस धक्का न लावता

सन १९९९च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पलूसच्या एका सहकारी संगणक केंद्राने इंटरनेटचा नवा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची नवी पद्धत, स्वीकारला. दर संगणकास एक पत्ता लागतो, आणि जुन्या पद्धतीतील पत्ते जगभर संपत चालले होते. नव्यातील पत्ते कृष्णाकाठच्या वाळूइतके अगणित होते. अध्यक्ष भाऊसोंनी ठराव वाचण्यास तोंड उघडले, तोच मागच्या रांगेतून "मंजूर! मंजूर!" असा घोष उठला. त्याच घोषात 'एकाही जुन्या ग्राहकास धक्का लागू नये' हा दुसरा ठरावही संमत झाला.

या कार्यार्थ महेंद्र नावाच्या अभियंत्याची हंगामी नेमणूक झाली. जुनी पद्धत बंद होताच तो कायम व्हायचा होता, आणि तो कायम होताच शिराळ्याचे हरिबा आपल्या मुलीचा, नीलिमेचा, साखरपुडा त्याच्याशी करणार होते.

महेंद्राने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू ठेवल्या व एकेका ग्राहकास अलगद नव्या पद्धतीवर आणले. कोणास कळलेही नाही. अखेर जुन्यावर द्राक्षबागायतदार नानासो तेवढे उरले. त्यांच्या संगणकावर द्राक्षांच्या औषधांचे डबे विराजमान होते.

"नानासो, तुमचं कनेक्शन नव्यावर घ्यायचं हाय. हरकत न्हाई न्हवं?"

"कसली हरकत, गड्या? ते मशीन मी कवाच बंद केलंय. लय घुरघुरायचं."

महेंद्र हर्षभरित होऊन संचालक मंडळापुढे उभा राहिला. "साहेब, जुन्यावर आता कोणीच न्हाई. बंद करूया."

भाऊसो गंभीर झाले. "नानासोस्नी धक्का लागणार न्हाई, कशावरनं?"

"आवं, ते वापरतच न्हाईत!"

"तेच म्हणतोय मी. वापरत न्हाईत, तर धक्का लागला का न्हाई हे त्यास्नी कळणार कसं? आधी त्यास्नी चालू करा. मग इचारू."

युक्तिवाद निर्दोष होता. नानासोंना जुन्या पद्धतीवर, केंद्राच्या खर्चाने, सन्मानपूर्वक पुन्हा चालू करण्यात आले. त्यांना गोडी लागली. विचारले तेव्हा ते म्हणाले, "आता नगं रं बदलूस. हात बसलाय."

ही वार्ता गावभर झाली. नानासोंना फुकट मिळते ती जुनी पद्धत आम्हांसही हवी, असे इतरांनी मागितले. तेही जुनेच ग्राहक. त्यांना दुखवणे ठरावाविरुद्ध होते. महेंद्राने एकेकास अलगद जुन्यावर परत नेले. याही वेळी कोणास कळले नाही. नव्या पद्धतीच्या त्या अगणित पत्त्यांवर आता तो एकटाच राहत होता. त्याच्या कौशल्यावर प्रसन्न होऊन मंडळाने त्याचे हंगामीपण वाढवून दिले.

वैशाखात तो शिराळ्यास गेला. हरिबांनी त्याला आग्रहाने चहा पाजला.

"गड्या, तुला एकदम सांगू नये म्हणून टप्प्याटप्प्यानं सांगायचं ठरवलंय. नीलिमेचा साखरपुडा झाला, एवढं आज ऐक. कुणासंगं, ते पुढच्या खेपंला."

यावर आपण हसलात, वाचकहो. हसावे. परंतु ज्यांच्या सोयीसाठी त्या तरुणास असे अधांतरी ठेवले आहे, ते जुने ग्राहक म्हणजे आपणच. आणि त्या जुन्या पद्धतीवर आपला हात अजून छान बसलेला आहे.