वाघमारे सरांचा वरचा नियम

आमच्या पाथरीच्या कॉलेजात चहा घेऊन येणाऱ्या शिपायालाही तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. "कुठून आलास? कुणाकडं चाललास? कशाला?" तोवर चहावर साय धरते. विचारणारे वाघमारे सर, कम्प्युटर लॅबचे प्रमुख. मी शेजारच्या खोलीतली ग्रंथपाल, त्यामुळे हा छळ रोज भिंतीपलीकडून ऐकते.

कॉलेजच्या नेटवर्कची फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारा, सरच सांभाळतात. इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटालाही तिथे हेच प्रश्न. "म्याडम, नियम वरून खाली वाचायचे. पयला लागू पडला की खालच्याला कुणी इचारत न्हाई," हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. व्हिडिओ कॉल त्यांनी सगळ्या कॉलेजला बंद केले, प्राचार्यांचं क्रिकेटही. प्राचार्य चिडले तेव्हा वाघमारे सर म्हणाले, "सर, पाकिटाला हुद्दा नसतोय." स्वतः साधा बटणांचा फोन वापरतात. शंभर दारं उघडी असलेली वस्तू खिशात कोण ठेवील, म्हणतात.

त्यांची एकुलती एक लेक सुजाता नर्स होऊन जर्मनीला निघाली, तेव्हा सरांनी नको म्हटलं. ती गेली आणि बोलणं तुटलं. सरांची बायको आधीच वारलेली, घरात सर एकटे. मग मागच्या हिवाळ्यात पुतण्याकरवी निरोप आला, की शनिवारी दुपारी पप्पांच्या लॅबमधल्या कम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करते.

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा नियमाला अपवाद केला. आपल्या कम्प्युटरपुरता कॉल उघडला. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून पडद्यासमोर बसले. कॉल आला नाही. पुढच्या शनिवारीही तेच. पुतण्या म्हणाला, "ताई लावून लावून थकली, काका."

"खोटं बोलायलीय ती. माझ्या नियमात चूक व्हत न्हाई."

त्यानंतर तिनं निरोप पाठवणंच सोडलं.

परवा मी ग्रंथालयासाठी एक पुस्तकांची साइट उघडून मागायला गेले. सरांनी नियमांची यादी पडद्यावर आणली आणि मला शिकवायच्या हौसेनं बोट वरून खाली आणू लागले. बोट मध्येच थांबलं. वर "व्हिडिओ कॉल, सगळ्यांना बंद". सुजातासाठीचा अपवाद त्याच्या बराच खाली.

"वरच अडकून पडली, म्याडम," सर म्हणाले. "लेकरू खरं बोलायलं व्हतं."

एरवी अशा वेळी मी टोमणा मारल्याशिवाय राहिले नसते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी माझा मोबाइल पुढे केला. तिचा नंबर त्यांना पाठ होता. रिंग जात राहिली, कुणी उचललं नाही.

"ड्युटीवर असंल," म्हणत त्यांनी पुन्हा लावला. मग काच शर्टाला पुसून फोन परत दिला. "तिचा आला तर माझा तास चालू असला तरी उठवा मला."

अजून आलेला नाही. ग्रंथालयात फोन बंद ठेवा म्हणून मी पोरांना रोज दरडावते, आणि माझा मात्र मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवून बसते.