मास्तरांनी कानाने निवडलेला ट्रॅक्टर

"ट्रॅक्टर म्हणजे काय, मोठा लूमच! चाकं लावली एवढंच!" धुडकू मास्तरांनी जाहीर केलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

सरलाबाईंनी लसूण सोलता सोलता नवऱ्याकडे पाहिलं आणि काळजीने दोन पाकळ्या जास्त सोलल्या.

बमरोली गावच्या पावरलूम, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांत मास्तरांची चाळीस वर्षं गेली होती. बिघडलेला लूम दुरुस्त करणाऱ्याला तिथे मास्तर म्हणतात. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच सुटला होता. शंभर लूम एकदम खडखडत असले तरी कुठला नाराज आहे, हे मास्तर दारातूनच, चपला न काढता सांगत! पण प्रत्येक शेठने त्यांना 'ए मास्तर, इधर आ' असंच बोलावलं. म्हणून निवृत्त होताच त्यांनी शपथ घेतली: आता कुणाच्या हाताखाली काम नाही. आता मालक व्हायचं!

संधीही चालून आली. चलथाणच्या जेरामभाईंकडे मोठा तबेला आणि गवताची विस्तीर्ण शेतं होती. सोमवारी सकाळी जो स्वतःचा ट्रॅक्टर आणि गवत कापायचं यंत्र घेऊन हजर होईल, त्याला हिवाळाभराची कापणी मिळणार होती. सचिन गावातल्या मिलमध्ये कामाला असलेल्या गोपालने, म्हणजे मुलाने, हे फोनवरून ठरवलं होतं. मास्तरांनी आणि जेरामभाईंनी एकमेकांना अजून पाहिलंही नव्हतं.

"पप्पा, परवडेल असा जुनाच घ्यायचाय ना? मग रविवारी मला सुट्टी आहे. तोवर कशाला हात लावू नका," गोपालने बजावलं.

म्हणून मास्तर शनिवारीच निघाले!

सरलाबाई सोबत गेल्या, कारण त्यांना सगळं आठवत होतं. मास्तरांनी आजवर घेतलेली प्रत्येक जुनी वस्तू त्यांना दोषासकट पाठ होती. एक फ्रिज होता, तो हात लावला की शॉक द्यायचा, त्यामुळे पोरांनी वर्षभर थंड पाणी मागितलं नाही. एक स्कूटर होती, तिचा हॉर्न इतका गोड की मास्तरांनी ब्रेक बघितलेच नाहीत. ती पहिल्याच दिवशी नाक्यावरच्या केळ्यांच्या गाडीत जाऊन थांबली. नंतर आठवडाभर घरात शिकरण!

रिक्षा बमरोलीबाहेर पडली तसं त्यांना वेगळंच आठवलं. लग्न होऊन आल्या तेव्हा लूमच्या शेडमागे कमरेएवढं गवत होतं. खानदेशातल्या बायका विळे घेऊन जायच्या, दुपारभर कापायच्या आणि डोक्यावर भारे घेऊन गाणी म्हणत परतायच्या. आता तिथे चार मजली इमारती. गवत उरलं होतं ते हॉटेलाच्या दारात, प्लास्टिकचं!

"अहो, तेव्हा आम्ही दहा जणी मिळून..."

"गोपालनी माय, आता दहा जणींचं काम हा तुझा नवरा एकटा बसून करणार!" मास्तर म्हणाले आणि रिक्षात जरा ऐसपैस बसले.

चलथाणच्या रस्त्यावर नटूभाईंच्या आवारात जुने ट्रॅक्टर विकायला उभे होते. पहिला लालभडक, नुकता रंगवलेला.

"काका, एकदम दुल्हा!" नटूभाई म्हणाले.

"मला काय पोरगी द्यायचीय? सुरू करा!"

तो सुरू झाला. मास्तरांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले. "दमेकरी जिना चढतोय असं वाटतं. पुढचा दाखवा!"

दुसऱ्यावर त्याचा मालकच बसला होता, तंबाखू मळत. पारोळ्याकडचा चिंधा, मास्तरांच्या तोंडओळखीचा. ट्रॅक्टरचा रंग कुठला, हे सांगणं अवघड होतं. तो सुरू होताच आवारातली दोन कुत्री उठून निघून गेली.

"मास्तर, मना ट्रॅक्टर खोकस, पन नंदुरबार जाईसन येस!" चिंधा प्रामाणिकपणे म्हणाला. "फक्त मागचा दांडा फिरत नही. गवत कापायचं यंत्र त्याच्यावर नाही चालणार."

"मग हा घेऊन काय देवदर्शनाला जाऊ? आणि ठोका बघ याचा! भांड्यांचं कपाट पडल्यासारखा!"

चिंधाने तंबाखू तोंडात टाकली. म्हणजे त्याला राग आला होता.

तिसरा ट्रॅक्टर कोपऱ्यात, कडुलिंबाच्या झाडाखाली होता. मागे गवत कापायचं यंत्र जोडलेलंच. नटूभाईंनी किल्ली फिरवली आणि मास्तरांचा चेहरा बदलला! पहिल्या नातवाला हातात घेतलं तेव्हाही तो इतका मऊ झाला नव्हता.

"आयक, आयक! हाऊ ट्रॅक्टर नही शे, तबला शे तबला!"

नटूभाईंनी मागचं यंत्र फिरवलं. सर्रर्र! यंत्राखालचं गवत क्षणात भुईसपाट. मास्तरांनी बोल्ट तपासले, तेलाचा वास घेतला, वेगवेगळ्या सहा ठिकाणी कान लावला. पुरे दोन तास ते त्या ट्रॅक्टरभोवती प्रदक्षिणा घालत होते.

सरलाबाईंना काहीतरी खटकत होतं. अहो, एकदा वर बसून फिरवून तरी बघा, असं त्या म्हणणारही होत्या. पण तेवढ्यात त्यांना मागच्या चाकावर चढलेला तोंडलीचा वेल दिसला. चांगला गुंडाळून, आसापर्यंत गेलेला, आणि तोंडली अशी कोवळी! ज्या चाकावर वेल चढून त्याला फळं धरतात ते चाक शेवटचं कधी फिरलं असेल, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण त्यांना प्रश्न पडला, रात्रीच्या भाजीला एवढी पुरतील का? त्यांनी पदर पसरला आणि तोंडली खुडायला घेतली.

तोवर व्यवहार पक्का झाला. मास्तरांनी नटूभाईंचा हात इतका दाबला की त्यांची अंगठी वाकली.

"चल, पूजा कर!"

सरलाबाई तयारीनेच आल्या होत्या. त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हळदीकुंकू वाहिलं, ओवाळलं. मास्तरांनी नारळ फोडला. मग नव्या गाडीचा शेवटचा विधी: मागच्या चाकापुढे लिंबू ठेवलं. मास्तर पहिल्यांदाच त्या ट्रॅक्टरवर चढले, छाती काढून बसले, गियर टाकला आणि क्लच सोडला.

ट्रॅक्टर गरजला. थरथरला. धूर सोडला. लिंबू जसंच्या तसं!

"जोर द्या!" सरलाबाई ओरडल्या.

मास्तरांनी जोर दिला. ट्रॅक्टरने तबल्याची लय वाढवली. गियर बदलले, पुढचे, मागचे, सगळे. लिंबू आपलं शांत.

"अहो नटूभाई, हा पुढे का जात नाही?"

"पुढे?" नटूभाई चक्रावले. "काका, ये तो ग्यारह साल पानी के पंप पे था. गियर का सामान कब का निकाल लिया! आप दो घंटा आवाज सुनते रहे, सीट पे एक बार नहीं बैठे. मैं समझा, एक जगह खड़ा करके मशीन चलाना है!"

मास्तर हळूच म्हणाले, "लूम घेताना लूमवर कोण बसतं?"

"मग परत घ्या," सरलाबाई म्हणाल्या.

नटूभाईंनी आपल्या दोन्ही कानांच्या पाळ्या पकडल्या. "काकी, नारियल फूट गया, कुंकू लग गया! बिदाई के बाद लड़की वापस लेते हैं क्या?"

सरलाबाईंनी ओवाळणीचं ताट आवरायला घेतलं. ओवाळलेली वस्तू माघारी द्यायची नाही, हे गल्लीत दहा जणींना त्यांनीच सांगितलं होतं!

मास्तर कडुलिंबाखाली बसले. सोमवारचं काम गेलं. आता पुन्हा एखाद्या शेठच्या शेडमध्ये उभं राहायचं, पुन्हा 'ए मास्तर, इधर आ'! त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि हे सरलाबाईंना बघवेना.

त्यांना माहेर आठवलं. तिथे एकेकच बैल असलेली दोन घरं मिळून एक जोडी करत आणि आलटूनपालटून दोघांचीही रानं नांगरत. त्यांनी चिंधाकडे पाहिलं. त्याचा ट्रॅक्टर ओढतो, कापत नाही. आपला कापतो, हलत नाही.

"चिंधाभाऊ, तुमच्याकडे साखळी आहे का हो?"

"शे ना. पन माझ्या ठोक्याचा मास्तरांना त्रास व्हईन!"

"त्यांना मी कापूस देते कानात. कमाई निम्मी निम्मी!"

चिंधाने तंबाखू थुंकली. म्हणजे राग गेला होता. साखळी बांधली, भांड्यांचं कपाट पडल्यासारखा आवाज झाला, तोंडलीचा वेल तटातट तुटला आणि लिंबू एकदाचं फुटलं! सरलाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

गोपालला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ट्रॅक्टर घेतला. आवाज फार छान आहे."

सोमवारी सकाळी वरात निघाली. पुढे चिंधा खोकणाऱ्या ट्रॅक्टरवर, मधे साखळी, मागे मास्तर तबल्यावर. डोक्याला नवा रुमाल, पाठ ताठ. त्यांच्यामागे यंत्र सर्रर्र गवत आडवं करत होतं, जणू एखाद्याची हजामत चाललीय. सरलाबाई बांधावर चहाचा थर्मास घेऊन उभ्या होत्या.

दुपारी जेरामभाई आले. कापलेलं शेत पाहून खूश झाले आणि बांधाला लागून चाललेल्या ट्रॅक्टरजवळ जाऊन चिंधाला ओरडून म्हणाले, "वाह सेठ! काम पक्का, पूरा सीझन आपका! और ये पीछे बूढ़ा आदमी किधर से लाया? चुपचाप बैठता है, गर्दन भी नहीं हिलाता. ऐसा नोकर आजकल मिलता नहीं. इसको रखना!"

चिंधा खोकला, की त्याचा ट्रॅक्टर खोकला, कळलं नाही.

दोन इंजिनांच्या गोंगाटात आणि कानातल्या कापसामुळे मास्तरांना शब्दही ऐकू आला नव्हता. आपल्याकडे बोट दाखवलं, एवढंच दिसलं.

"काय म्हणतात?" त्यांनी बांधाकडे बघून ओरडून विचारलं.

सरलाबाईंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि जोरात ओरडून सांगितलं,

"म्हणतात, मालक शोभता!"

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी जेरामभाईंकडे वळून मोठ्या मालकाने करावा तसा, कपाळापर्यंत हात नेऊन रुबाबदार रामराम केला.

"देखा?" जेरामभाई चिंधाला म्हणाले. "सलाम भी कितना अच्छा मारता है!"