मोनाळबाईची अंडी आणि तारेवरचा बर्फ

एका जंगलात, मुलांनो, अशी थंडी पडायची की कावळ्याची काव अर्ध्यावरच गोठायची. उरलेली काव तो उन्हाळ्यात पूर्ण करायचा.

पण काळजी नव्हती. जंगलात वीज आली होती. देवदाराच्या झाडांवरून तार गेली होती आणि गुहेगुहेत शेगडी लागली होती. वीजमंत्री होते अस्वल. ते हिवाळाभर झोपत, आणि विजेची गरज हिवाळ्यातच पडे. म्हणून कारभार त्यांचे सचिव धोरणराव कोल्हे बघत.

अडचण एकच होती. वादळात तारेवर बर्फ बसायचा. बसता बसता तार अजगराएवढी जाड व्हायची आणि काडकन तुटायची. मागच्या हिवाळ्यात ती तुटली, दिवे गेले, आणि दिव्याच्या उबेत ठेवलेली मोनाळबाईची सगळी अंडी गारठून गेली. मोनाळ म्हणजे डोंगरातली रंगीबेरंगी रानकोंबडी. यंदा तिने पुन्हा अंडी घातली होती.

धोरणरावांनी उपाय काढला. तारेला मधोमध लांब दोर बांधला. त्याचं एक टोक पूर्वेच्या उतारावर सोडलं, दुसरं पश्चिमेच्या.

"बर्फ बसला की दोन्हीकडून आळीपाळीने हिसके द्यायचे," ते म्हणाले. "तार हलेल, बर्फ गळेल. मात्र हे काम एकजुटीने करायचं!"

सगळ्यांनी एकजुटीची शपथ घेतली. चहा झाला. फोटो झाला. (मुलांनो, तुम्ही विजेच्या तारेला दोर बांधू नका. तुमच्याकडे धोरणराव नाहीत.)

एके दुपारी वादळ आलं. तार वाकू लागली. मोनाळबाई धावत पश्चिमेच्या उतारावर दगडाबाई वानरिणीकडे गेली.

"अगं, दोर ओढ ना! तार तुटेल!"

"ओढते की," दगडाबाई शेगडीपुढे हात शेकत म्हणाली. "पण एकजुटीने ओढायचं ठरलंय. आधी सगळ्यांना येऊ दे."

मोनाळबाई पूर्वेला भोटोबा याकाकडे गेली.

"मी तयारच आहे," भोटोबा रवंथ करत म्हणाले. "सगळे जमले की हाक मार."

धोरणराव म्हणाले, "एकजुटीत घाई नको, बाई."

दिवा मिणमिणला. मोनाळबाईने घरट्यात परतून अंड्यांकडे पाहिलं. मग तिने आयुष्यात पहिल्यांदाच चहाडी केली.

"दगडाबाई, भोटोबा म्हणतात, तो दोर त्यांचाच आहे. वानरांच्या मनगटात जोर कुठला, असंही म्हणाले."

"असं म्हणाला तो केसाळ?" दगडाबाई उठलीच. मोनाळबाई तशीच पूर्वेला धावली.

"भोटोबा, दगडाबाई दोर पळवून न्यायला निघालीय. म्हणते, म्हातारा याक काय करणार!"

"म्हातारा? मी?"

झालं! दगडाबाईने पश्चिमेला हिसका दिला. भोटोबांनी पूर्वेला दिला.

"सोड माझा दोर!"

"तुझ्या बापाने वळला होता का?"

दगडाबाईच्या बाजूने सगळी वानरं धावली. भोटोबांच्या बाजूने सगळे याक. हरणं, ससे, साळिंदरं, ज्याला जी बाजू गरम वाटली ती त्याने धरली. तार इकडे डुले, तिकडे डुले. बर्फाचे तुकडे धपाधप पडू लागले. एक नेमका धोरणरावांच्या डोक्यावर पडला.

वादळ थांबलं तरी भांडण थांबेना. पण तार शाबूत होती, दिवा लख्ख होता, आणि त्याच्या उबेत एक अंडं टकटक वाजत होतं.

"आलं गं माझं बाळ!" मोनाळबाई रडत रडत हसली. दगडाबाई आणि भोटोबा दोर तसाच हातात, तोंडात धरून पिल्लू बघायला आले. आधी कोणी बघायचं, यावरून पुन्हा जुंपली.

चार दिवसांनी मोठी सभा झाली. डोक्याला पट्टी बांधून धोरणराव बोलायला उभे राहिले. "बंधूंनो, हा एकजुटीचा विजय आहे!"

सगळ्यात जोरात टाळ्या मोनाळबाईने वाजवल्या.

तात्पर्य : एकीचं बळ फार मोठं असतं. म्हणून ते भाषणासाठी जपून ठेवावं. कामापुरतं भांडण पुरतं.