पाटणकरकाकांची टाकी

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत पाटणकरकाका दुसऱ्यांच्या खरकट्याचा वास घ्यायचे. चोरून नाही, अगदी उघडपणे. सकाळी जिन्यात कुणाची बादली दिसली की चष्मा कपाळावर चढवून वाकायचे आणि निकाल द्यायचे, "कालची आमटी. उत्तम." आमच्या घरी काल काय शिजलं आणि त्यातलं किती कुणाला आवडलं नाही, हे साऱ्या जिन्याला त्यांच्यामुळे कळायचं. माझी बायको त्यावरून माझ्यावर चिडायची.

काकांनी अंबडच्या एका कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढलं होतं. निवृत्त झाल्यावर हाताशी आग नाही, हे त्यांना सोसेना. मग त्यांनी घरामागे प्लास्टिकच्या दोन टाक्या बसवल्या, एकीत दुसरी उपडी. खालच्या टाकीत शेण आणि सोसायटीचं खरकटं. ते कुजून गॅस झाला की वरची टाकी हळूहळू उचलली जायची आणि तो गॅस नळीने काकूंच्या शेगडीपर्यंत जायचा. टाकी चार बोटं वर आली की काका आम्हाला हाका मारून दाखवायचे. घरात तान्हं बाळ उभं राहिलं तरी कुणी एवढं कौतुक करत नाही.

टाकीला ते 'पोट' म्हणत. पोटाला लिंबाची सालं चालत नाहीत, पोटाला फार गोड नको, एकादशीला पोटाला आराम. मुंजीतलं उरलेलं श्रीखंड माझ्या हातून टाकीत गेलं आणि गॅस बंद पडला, तेव्हा आठवडाभर ते माझ्याशी बोलले नव्हते. पण लासलगावच्या मेहुण्याने पाठवलेलं नासक्या कांद्यांचं पोतं त्यांनी स्वतःच टाकीत रिकामं केलं. गल्लीने नाकाला रुमाल लावला. टाकी पुन्हा सुरू व्हावी म्हणून काका ताजं शेण शोधत सायकलवरून गावभर हिंडले.

काकू शांतपणे म्हणाल्या, "माझं पोट दुखतं म्हटलं तर ओवा खा म्हणतात. टाकीचं बिघडलं की सायकल बाहेर निघते."

आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. त्याची लाज मला अजून वाटते, कारण काकूंचं पोट खरंच दुखत होतं. तपासण्या झाल्या तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, पोटात चार घास जातील तेवढे जाऊ द्या.

त्या दिवसापासून काकांनी बादल्यांचा वास घेणं सोडलं. बादली द्या, न द्या, त्यांचं लक्ष नसायचं. त्यांचं सगळं लक्ष त्या चार घासांवर. काकू घोटीच्या, म्हणून तिकडचाच तांदूळ मागवून ते स्वतः मऊ भात करायचे. काकू दोन चमचे घेऊन मान फिरवायच्या. पुढे एकच चमचा.

एका सकाळी मी आमची बादली टाकीत रिकामी केली आणि स्वयंपाकघरात डोकावलो. ओट्यावर भाताची वाटी झाकून ठेवलेली. काकांचं काम हलकं करावं म्हणून मी तीही उचलली आणि टाकीकडे निघालो. काकांनी माझं मनगट धरलं.

"ती राहू दे," ते म्हणाले. "टाकीत घातलं म्हणजे उरलं म्हणायचं. ती जेवायची आहे अजून."

आतल्या खोलीतून काकूंचा बारीक आवाज आला, "घाला हो टाकीत. वाया नको जायला."

वाटी माझ्या हातातून घेऊन काकांनी ओट्यावर ठेवली आणि झाकण नीट बसवलं.

संध्याकाळी चौकशीला गेलो, तर तोच भात त्यांनी पुन्हा शेगडीवर ठेवला होता, टाकीच्याच गॅसवर. दुपारीही एकदा गरम केला होता म्हणे. दर वेळी थोडं पाणी घालून त्याची आता पातळ पेज झाली होती. काका ती खाली लागू नये म्हणून सावकाश ढवळत होते आणि आतल्या खोलीकडे कान देऊन उभे होते.