शरच्चंद्र सरांचा शेंदूर

"मराठी शाळा हवीच, सर. मराठी म्हणजे आपला प्राण आहे," सुदर्शन म्हणाला, "फक्त आमच्या खिडकीखाली नको."

सोसायटीच्या चेअरमनने एवढं म्हटल्यावर लिफ्टपाशी जमलेल्यांनी माना डोलावल्या. बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत मराठीवर प्रेम नसलेला एकही माणूस नव्हता, आणि मराठी शाळेत मूल घातलेलाही एक नव्हता.

याच सोसायटीत राहणारे शरच्चंद्र सर नारायण पेठेतल्या एका मराठी प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेची इमारत धोकादायक ठरली होती आणि जूनच्या आत रिकामी करायची होती. सोसायटीच्या मागचा मोकळा प्लॉट संस्थेने भाडेपट्ट्याने मागितला होता आणि जागा बघायला आलेल्या माणसांनी उंबरापलीकडे पहिलीच्या वर्गाचा चौकोनही चुन्याने आखून ठेवला होता. रविवारच्या सभेने हो म्हटलं तर शाळा वाचणार, नाही म्हटलं तर तिला कायमचं कुलूप लागणार आणि पोरं वाऱ्यावर. सरांना आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं.

"आणि प्लॉट मोकळा कुठाय, सर?" सुदर्शन म्हणाला. "आमच्या गाड्या लागतात ना तिथे! रविवारी ठराव पास केला की लगेच पेव्हर ब्लॉक. सिंपल."

"सिंपल!" घरी येऊन सर हेमाताईंवर कडाडले. "गाड्यांना जागा आहे, पोरांना नाही!"

"माझ्यावर कशाला ओरडताय? मी गाडी लावली का तिथे?" हेमाताई शांतपणे म्हणाल्या. "या माणसांना कशाची भीती आहे ते बघा आधी. कायद्याची तर नाहीच."

डोक्यात आलेल्या विचाराची सरांना स्वतःलाच लाज वाटली. जन्मभर त्यांनी वर्गात लिंबातून रक्त काढून दाखवलं, हातातून अंगारा काढून दाखवला आणि प्रत्येक वेळी पोरांना बजावलं, "याला शास्त्रीय कारण आहे." पण शाळेसाठी माणूस काय काय करतो! दुसऱ्या दिवशी दूधवाला यायच्या आत सर प्लॉटवर गेले आणि उंबराखाली पडलेल्या गुडघाभर उंचीच्या गोल दगडाला तेलात कालवलेला शेंदूर फासून आले. हा एक प्रयोग आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

प्रयोग फत्ते झाला. सकाळी गाडी काढायला आलेला पहिला माणूस दगड बघून चपला काढून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत प्लॉटवर एक चाक उरलं नाही. रात्री सर दोन पोळ्या जास्त जेवले.

मग नारळ आला, जास्वंदीचा हार आला. इथवर ठीक होतं. पण एका संध्याकाळी सर चहाचा कप घेऊन चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत आले आणि कप ओठांपाशीच थांबला. दगडाला डोळे आले होते. पिवळे, वाटोळे, टक्क उघडे, आणि ते नेमके सरांच्या गॅलरीकडे बघत होते.

"अगं, डोळे कोणी लावले त्याला?"

मंडईतून आणलेला घेवडा निवडत हेमाताई म्हणाल्या, "देव आहे म्हटल्यावर डोळे येणारच की."

पोळ्या करायला येणाऱ्या द्वारकाबाई वर्ध्याकडच्या. त्यांनी हात पुसत गॅलरीतून खाली पाहिलं. "काका, थो तं तुमच्याकडंच पाहून राहिला बाप्पा! काही केलं का तुमी त्याचं?"

"मी काय करणार?" सर खेकसले. "दगड आहे तो!"

पण त्या संध्याकाळी त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. आणि दार लावलं तरी कोणी बघत असलं की पाठीला कळतंच.

सकाळी सोसायटीची पहार घेऊन सरांनी कंबरेची वाट लावत तो दगड कसाबसा फिरवला आणि त्याचं तोंड सुदर्शनच्या खिडकीकडे केलं. म्हटलं, बघ आता त्याच्याकडे. संध्याकाळी गॅलरीत येऊन पाहतात तर डोळे पुन्हा यांच्याकडेच! 'तळ गोल आहे, माती भुसभुशीत आहे. घरंगळला असेल. याला शास्त्रीय कारण आहे,' सरांनी मनाशी म्हटलं आणि दगड पुन्हा फिरवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता तसा. उंबरावरची पाखरंसुद्धा हल्ली तिन्हीसांजेला गप्प असतात, हे सरांच्या लक्षात आलं आणि लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

रविवारी क्लबहाऊसमध्ये झुंबा असल्यामुळे सभा प्लॉटवरच भरली. दिवस कलला होता. देवापुढे समई होती आणि तिची ज्योत जरासुद्धा हलत नव्हती.

"तर पार्किंग कॅन्सल," सुदर्शनने जाहीर केलं. सरांनी सुटकेचा श्वास घेतला, तोवर तो पुढे म्हणाला, "आणि शाळापण कॅन्सल. देवाची जागा आहे, इथे मंदिर होणार. मंदिर म्हणजे भाविक येणार, आणि भाविकांच्या गाड्यांना पार्किंग तर लागेलच."

ज्या शेंदराने गाड्या हलवल्या, तोच शेंदूर आता शाळा गिळायला निघाला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! सर ताडकन उठले.

"देवबिव काही नाही इथे! दगड आहे तो! आणि शेंदूर मी फासलाय, या हातांनी!"

आता इज्जत गेली तरी चालेल, शाळा वाचेल, असं सरांना वाटलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुक्ताई आजी डोळे पुसत उभ्या राहिल्या. "ऐकलंत का? जन्मभर देव नाही म्हणणाऱ्याच्या हातून त्याने स्वतःची स्थापना करून घेतली! केवढं जागृत स्थान!"

"सर, गूजबम्प्स," सुदर्शन म्हणाला आणि चक्क सरांच्या पाया पडला.

आजींचं माहेर कोकणातलं. "मग भांडता कशाला?" त्या म्हणाल्या. "देवालाच विचारा. कौल लावू. दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची. उजवीकडचं आधी पडलं तर शाळा, डावीकडचं पडलं तर मंदिर. आणि फुलं सरच लावतील."

"देवाचा डिसिजन फायनल," सुदर्शन म्हणाला.

सर म्हणाले, "चष्मा घेऊन येतो." वर गेले आणि चष्म्याबरोबर टेबलाच्या खणातली डिंकाची बाटलीही खिशात घालून खाली आले. खाली वाकून, पाठीचा आडोसा करून त्यांनी डावीकडचं तगरीचं फूल डिंकाने घट्ट बसवलं आणि उजवीकडचं नुसतं पाण्याने टेकवलं. पाणी वाळलं की उजवं पडणार. एकदम शास्त्रीय काम.

"आणि उजवं म्हणजे देवाचं उजवं हं," आजी मागून म्हणाल्या. "तुमचं नव्हे. तो आपल्याकडे तोंड करून बसलाय."

आरशातली डावी-उजवी बाजू पोरांना जन्मभर शिकवलेला माणूस! सरांनी स्वतःच्या हाताने शाळेचं फूल डिंकाने चिकटवून ठेवलं होतं.

आता हात लावणं शक्य नव्हतं. माणसं खाली बसली. कुठल्या तरी घरातला कुकर शिट्टी देऊन गप्प झाला. वारा नव्हता. पाण्याने टेकवलेलं फूल थरथरल्यासारखं वाटे आणि सरांचा जीव वर-खाली होई. ते पिवळे डोळे त्यांच्याकडे रोखून बघत होते. सरांना पहिलीतली पोरं आठवली, त्यांची दप्तरं आठवली आणि ओठ आपोआप हलले, "चुकलं माझं. पण पोरांनी काय केलंय? पाड ना रे बाबा!"

टप्प.

डिंकाचं फूल खाली पडलं होतं. पाण्याचं तसंच होतं.

"शाळा!" आजी ओरडल्या. टाळ्या पडल्या, हात वर झाले, ठराव झाला. सगळे पांगल्यावर सरांनी ते फूल उचललं आणि उलटं करून पाहिलं. डिंक पक्का होता. पण त्याच्याबरोबर शेंदराचा एक अख्खा पापुद्रा निघून आला होता. वाळका, जाड, तेल कमी पडलेला. सर एवढे मोठ्याने हसले की उंबरावरची पाखरं उडाली.

"शास्त्रीय कारण!" घरात शिरताच त्यांनी पापुद्रा हेमाताईंपुढे नाचवला. "शेंदूर नीट कालवला नव्हता मी! शाळा वाचली, हेमा! आणि मी वेड्यासारखा घाबरलो त्या डोळ्यांना!"

"त्यात घाबरायचं काय? पितळी आहेत, मंडईमागच्या दुकानातून आणले मी," हेमाताई म्हणाल्या. "पहाटे शेंदूर माखून घरात आलात, मोरीत लाल पाणी. मला काय कळत नाही? म्हटलं, आंधळा देव बरा दिसत नाही. आणि त्याने जरा तुमच्याकडे बघितलं तर कबूल तरी कराल."

सर कौतुकाने बघत राहिले. "धन्य आहेस! आणि रोज माझ्या मागे जाऊन पुन्हा इकडे तोंड फिरवत होतीस, तेही कळू दिलं नाहीस."

हेमाताईंनी वर पाहिलं. "अहो, काहीतरीच काय! या गुडघ्यांनी मी तो धोंडा हलवणार? डोळे लावले, तेवढंच."

"याला शास्त्रीय..." सर म्हणाले आणि थांबले.

ते हळूच गॅलरीत गेले. खाली समई अजून जळत होती. आता डोळे त्यांच्याकडे नव्हते. दिसत होती ती नुसती शेंदरी पाठ. पलीकडे, संस्थेच्या माणसांनी पहिलीच्या वर्गासाठी चुन्याने आखून ठेवलेल्या चौकोनाकडे देव तोंड करून बसला होता.

"काय हो, काय दिसतंय?" आतून हेमाताईंनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. हात त्यांनी जोडले नाहीत. पायात तशाच राहिलेल्या चपला मात्र काढून बाजूला ठेवल्या.