काळी गाडी आणि मागची मंडळी

"गाडी पारखण्यात मला आजवर कोणी फसवलेलं नाही!" व्हर्नन हॅस्केलने मेव्हण्याला बजावलं. मेव्हणा मर्ल त्या वेळी गाडीच्या डिकीत आडवा झाला होता. गाडी मोजायची त्याची हीच पद्धत.

"पाय पसरता येतात," आतून आवाज आला. "वर बटाट्याची दोन पोतीही मावतील."

गाडी होतीच तशी. जुन्या घाटणीची, काळी कुळकुळीत, एवढी लांब की तोंड ओहायोत आणि शेपूट इंडियानात! गाडी विकायला काढलेल्या मालकाने किल्ली व्हर्ननच्या हातात दिली आणि म्हणाला, "फिरवून आणा, मग बोलू."

"येताना अर्डिथकडे जायचं का?" मर्लने हळूच विचारलं.

अर्डिथ म्हणजे व्हर्ननची बायको. जानेवारीत गेली. त्या दिवशी असं हिमवादळ होतं की दफनभूमीत पाद्री, मर्ल आणि व्हर्नन एवढेच पोचले. तेव्हापासून दर रविवारी तो फुलं घेऊन निघायचा, दफनभूमीच्या दारापासून परत फिरायचा आणि फुलं शेजारणीला देऊन टाकायचा. शेजारणीचा आता गैरसमज व्हायला लागला होता.

"आज गाडी बघायची आहे," व्हर्नन म्हणाला. "विषय बदलू नकोस."

पुढची सीट सोफ्यासारखी अखंड. मर्ल पलीकडच्या दाराशी इतका लांब बसला होता की त्याच्याशी बोलायला पत्र टाकावं लागलं असतं. खड्डा आला की गाडी आधी विचार करायची, मग हलकेच मान डोलवायची. आभाळ भरून आलं तसे पुढचे दिवे आपोआप लागले. मक्याची शेतं दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी मागे सरकत होती. मधली जागा रिकामी होती. तिथे अर्डिथ खांद्याला खांदा लावून बसली असती, असं व्हर्ननला वाटलं आणि गाडीचा वेग बैलगाडीवर आला.

त्याच तंद्रीत तो आडरस्त्याने रेल्वे फाटकाशी आला आणि थांबलेल्या रांगेच्या अगदी तोंडाशी जाऊन उभा राहिला. मालगाडी गेली. फाटक उघडलं. व्हर्नन पुढे, रांग मागे.

समोरून येणारा ट्रक बाजूला थांबला. ट्रॅक्टरवरच्या एका शेतकऱ्याने टोपी काढून छातीशी धरली.

"बघितलंस? काय मान आहे या गाडीला!"

"माझ्या गाडीला लोक जीभ दाखवतात," मर्ल म्हणाला. मग त्याने मागे पाहिलं. "व्हर्नन, मागच्या सगळ्यांनी दिवे लावलेत."

"आभाळ आलंय म्हणून."

"आणि बॉनेटवर जांभळ्या झेंड्या?"

व्हर्ननने आरशात पाहिलं. दिवे लावून, झेंडी लावून, काळ्या गाडीच्या मागे मुंगीच्या चालीने माणसं एकाच ठिकाणी जातात!

"मर्ल, ही अंत्ययात्रा आहे!"

"मग प्रेत कुठंय?"

"मालगाडीच्या आधी फाटक ओलांडून गेलं असणार! हे लोक आपल्याला शववाहिका समजतायत!"

"वळ, वळ!"

व्हर्नन धान्याच्या कोठारापाशी वळला. सगळे वळले. डोनटच्या दुकानासमोर त्याने गोल चक्कर मारली. सगळ्यांनी चक्कर मारली! दुकानदारीण बाहेर येऊन डोळे पुसू लागली.

"अरे, थांबून सांग त्यांना!"

"काय सांगू? तुमचा माणूस हरवला?"

"मग कुठल्या तरी दफनभूमीत ने बाबा!"

व्हर्ननला एकाच दफनभूमीचा रस्ता पाठ होता. दाराशी आल्यावर त्याचा पाय ब्रेकवर गेला. पण मागे रांग होती. परत फिरायला जागाच नव्हती. गाडी तरंगत आत शिरली, टेकडी चढली आणि मेपलच्या झाडाखाली अलगद थांबली.

मंडळी फुलं घेऊन उतरली. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, काळी हॅट घातलेल्या म्हातारीने दगडावरचं नाव वाचलं. "अर्डिथ हॅस्केल? ही कोण? आणि माझा क्लिफर्ड कुठंय?"

व्हर्ननने टोपी काढली. "ही माझी बायको, बाई. क्लिफर्डसाहेब दुसरीकडे पोचले असावेत. मी... मी नुसती गाडी बघायला निघालो होतो."



"क्लिफर्ड लग्नाच्या दिवशीसुद्धा भलत्याच चर्चमध्ये जाऊन बसला होता," म्हातारी म्हणाली. मग तिने विचारलं, "हिला पोचवायला किती जण होते रे?"

"वादळ होतं. आम्ही तिघंच."

म्हातारीने मांडीवरच्या गुच्छातलं एक फूल काढून दगडापाशी ठेवलं. मग मुलाने, सुनेने. मागच्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी रीतसर रांग लावून फुलं वाहिली. एकाने तर "फार सज्जन माणूस होता" म्हणून व्हर्ननचा हात दाबला.

सगळे मागे सरल्यावर व्हर्नन वाकला. बोलायचं खूप होतं.

"गाडी चांगली आहे गं," एवढंच तो म्हणाला.

"चल, आता माझ्या नवऱ्याकडे," म्हातारीने फर्मावलं. "तूच पुढे हो. तुझी गाडी लांबून दिसते."

अर्ध्या वाटेवर गाडीने एक उसासा टाकला आणि ती थांबली. पेट्रोल संपलं!

मागची रांगही थांबली. कोणी हॉर्न वाजवला नाही. व्हर्ननने डिकीतून रिकामा डबा काढला आणि मर्लला घेऊन तो मान खाली घालून चालू लागला.

"आणि ही तू घेणार?"

"घेणार."

"अरे, पेट्रोल पिते!"

"पिते. पण माणसं गोळा करते."

मर्लने मागे वळून पाहिलं. म्हातारीची खुर्ची ढकलत, टोप्या छातीशी धरून, सगळी मंडळी दोन-दोनच्या रांगेत, अगदी गंभीरपणे पेट्रोल पंपाकडे निघाली होती.