रंभाजीरावांच्या गिटारीचा घंटास्वर बुडाल्याची हकीकत

श्री तंतुदेवता प्रसन्न. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, आश्विन मासीं वर्तमान जाहलें तें ऐसें जे, पृथ्वीवर गिटार छेडणारे जितुके जाहले त्यांत दरबारचे वादक राजश्री रंभाजीराव केवळ मेरूपर्वत, ऐसें रावांनीं स्वमुखें सांगितलें. दुसऱ्या कोणाचें मत घेणें राहून गेलें. रावांची कीर्ति हार्मोनिकांची, म्हणजे घंटास्वरांची. बाराव्या पट्टीवर तारेस बोट टेकलें न टेकलें ऐसें ठेवून छेडावें, आणि घंटेसारखा स्वर निघावा, आणि महाराजांनीं डोळे मिटावे. त्याकरितां दरबारचे गिटार-कारागीर मिंगेल मेस्त्री शिरस्त्याप्रमाणें येऊन गिटार लावून गेले, तारांची उंची बेतली, आणि तारांखालची घोडी केसभर सरकवून घंटास्वर आणि तार दाबून निघणारा स्वर एक केला. मग दसरा आला, आणि रावांनीं तलवारीशेजारीं गिटार पूजिली, आणि भक्ति दांडगी म्हणोन ओलें हळदकुंकू साहीं तारांस या टोकापासोन त्या टोकापर्यंत चोपडिलें. मग त्रयोदशीस दरबार भरला, रावांनीं बोट टेकविलें, छेडिलें, तों "ठक्" ऐसें वाजलें. महाराज वदले, "दारावर कोण आलें, पाहा बरें." दरबार हांसला. रावांचे कान तापले आणि ते गर्जले, "या मेस्त्र्यानें घोडी बिघडविली!" मेस्त्री पुढें होऊन म्हणाले, "राव, एक सांगायचें होतें—" "शब्द नको! लांकूड तासून कान गेले तुमचे!" मेस्त्री मान लववून निघाले, आणि त्यांची चाकरी गेली.

मग घरीं रावांच्या पत्नी उमाबाईसाहेबांनीं एक तार फडक्यानें पुसली, तों फडकें लालभडक. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, पूजा केलीत कीं गिलावा?" रावांनीं त्या तारेस बोट टेकविलें, आणि घंटा वाजली. उंची तीच, घोडी तीच. राव त्या दिवशीं जेवले नाहींत, आणि आरशासमोरून जाणें टाळिते जाहले.

सारांश, दुसरे दिवशीं रावांनीं भर दरबारीं कुंकू कबूल केलें, महाराजांनीं मेस्त्रींची चाकरी बहाल केली, आणि राव पागोटें काखेंत मारून पायीं मेस्त्रींच्या दारीं गेले. म्हणाले, "मेस्त्री, आपणांस सारें ठाऊक होतें. मी बोलूं दिलें नाहीं. तो शब्द आतां ऐकवा, त्यावांचून घास उतरत नाहीं." मेस्त्री डोकें खाजवून म्हणाले, "कुंकवाचें मला कुठलें ठाऊक हो राव? माझा पाना तुमच्या गिटारीच्या पेटींत राहिलाय. तेवढा धाडून द्या."